खाणीतला वळू

न्यूझीलंडच्या रग्बी संघाला हरवणं ही आजही फार थोड्यांच्या नशिबी येणारी गोष्ट. एखाद्यानं जन्मात एकदा ती केली, तरी त्याच्या गावात त्याची आठवण दोन-तीन पिढ्या निघते. वेल्सच्या डाय जोन्स नावाच्या खाणकामगारानं ती दोनदा केली. पहिल्यांदा १६ डिसेंबर १९०५ रोजी, दुसऱ्यांदा १ जानेवारी १९०८ रोजी. दोन्ही वेळा तो वेल्ससाठीच खेळला. मध्ये जेमतेम दोन वर्षांचं अंतर. पहिल्या विजयानंतर सारा देश त्या संघावरून जीव ओवाळून टाकत होता. दुसऱ्या विजयाच्या वेळी मात्र, ज्या संस्थेच्या वतीनं तो पहिल्यांदा मैदानात उतरला होता, तिच्या उंबऱ्यातही त्याला पाऊल टाकायची मुभा राहिली नव्हती.

असं झालं तरी काय दोन वर्षांत? त्यानं चोरी केली नव्हती, मारामारी केली नव्हती. प्रश्न होता पैशांचा, आणि तोसुद्धा गरिबाच्या पैशांचा.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना रग्बी म्हणजे चिखलात लोळणाऱ्या धिप्पाड माणसांची झोंबाझोंबी, एवढंच ठाऊक असेल. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यावर हा खेळ वर्षानुवर्षं चालत आला आहे. अभिनेता राहुल बोस १९९८च्या पहिल्या भारतीय संघात होता, हेही काहींना आठवत असेल. आणखी एक गंमत सांगायला हवी. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या 'कलकत्ता कप'साठी दरवर्षी भिडतात, तो चषक आपल्याकडच्या चांदीच्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा बँकेतल्या शिल्लक पैशांचे रुपये काढून, ते वितळवून १८७८च्या सुमारास हा चषक घडवला गेला. त्याच्या मुठींवर नाग आहेत आणि झाकणावर हत्ती. असो.

खेळाचं सूत्र थोडक्यात असं. चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा. तो हातात घेऊन पळता येतं, पण सोबत्याकडे फेकायचा तर मागच्याच दिशेनं. समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की झाली 'ट्राय'. त्या काळी तिला तीन गुण मिळत. पाठीमागचे चपळ खेळाडू पळतात आणि टाळ्या घेतात. पण त्यांच्यापर्यंत चेंडू पोचवायचा कुणी? तर पुढच्या फळीनं, म्हणजे 'फॉरवर्ड'नी. खांद्याला खांदा, डोक्याला डोकं लावून दोन्ही संघांचे हे गडी एकमेकांना रेटतात आणि मधल्या बोगद्यात टाकलेला चेंडू पायांनी मागे ओढतात. त्या रेटारेटीला 'स्क्रम' म्हणतात. आपल्याकडची रस्सीखेच उलटी करा, ओढण्याऐवजी ढकला, म्हणजे कल्पना येईल. त्यात वर पाठीवर पाऊस आणि तोंडात चिखल. डाय जोन्स हा असा पुढच्या फळीतला गडी होता.

त्याचं खरं नाव डेव्हिड. जन्म १८८१चा. वेल्समध्ये डेव्हिडचा 'डाय' होतो, आपल्याकडे दत्तात्रेयाचा दत्तू होतो तसा. आणि जोन्स तर तिथे पैशाला पासरी. एका गल्लीत पाच-सहा डाय जोन्स निघायचे. त्यामुळे माणूस ओळखायचा तो टोपणनावानं. आपल्या या डायला लोक 'तारू' म्हणत. वेल्श भाषेत तारू म्हणजे वळू. त्याचा देह पाहिल्यावर हे नाव का पडलं, असं कुणी विचारत नसे.

काळं सोनं, काळी दरी

हा वळू ज्या मातीत वाढला ती समजून घेतल्याखेरीज त्याची गोष्ट कळायची नाही. दक्षिण वेल्समधल्या रोंडा खोऱ्यात १८५१ साली हजारसुद्धा वस्ती नव्हती. मेंढ्या, ओढे आणि हिरवे डोंगर. मग जमिनीखाली उत्तम प्रतीचा कोळसा सापडला. जगभरच्या आगबोटी आणि इंग्रजांचं आरमार या कोळशावर चालू लागलं. १९११च्या शिरगणतीत त्याच रोंड्यात दीड लाखावर माणसं नोंदली गेली! अरुंद दरीत, डोंगराच्या कुशीत, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. पुरुष पहाटे पाळीवर जायचे आणि काळेठिक्कर होऊन परतायचे.

परतायचे, म्हणजे परतले तर. १८९४ साली सिलफिनिड इथल्या ॲल्बियन खाणीत स्फोट झाला आणि २९० माणसं गेली. वॉट्सटाउनच्या खाणीत जुलै १९०५मध्ये ११९ गेली. ज्या वर्षी वेल्सनं न्यूझीलंडला हरवलं, तेच हे वर्ष. रोंड्यातल्या माणसाला मैदानावरच्या धक्काबुक्कीची भीती कितपत वाटत असेल, याचा अंदाज यावरून करावा.

अशा ठिकाणी शनिवारची दुपार ही सणासारखी असायची. चॅपलमधल्या धर्मोपदेशकांना हा खेळ आणि त्यामागून येणारी दारू मुळीच पसंत नव्हती. १९०४मध्ये वेल्सभर धर्मजागृतीची मोठी लाट आली, तेव्हा काही क्लब चक्क ओस पडले. पण लाट ओसरली आणि मैदानं पुन्हा भरली.

संघ निवडणारी मंडळी कार्डिफ, न्यूपोर्ट, स्वॉन्झी या मोठ्या गावांतली. व्यापारी, वकील, शाळा-कॉलेजात खेळ शिकलेली. पण त्यांच्याही एक गोष्ट लक्षात आली होती. पाठीमागे पळायला डॉक्टर, विद्यार्थी चालतील, स्क्रममध्ये मात्र कोळसा फोडणारे खांदेच हवेत. त्यातही वेल्सची अडचण वेगळी होती. कार्डिफ क्लबनं १८८४च्या सुमारास पाठच्या फळीत तीनऐवजी चार धावपटू खेळवायची पद्धत काढली आणि ती पुढे साऱ्या वेल्सनं उचलली. पाठीमागे एक वाढला म्हणजे पुढे एक कमी झाला. जे उरले त्यांनी जास्तीचा भार पेलायचा. यातूनच 'रोंडा फॉरवर्ड' हा शब्द रूढ झाला. खाणीत किंवा पोलिसात असलेला, दणकट, न थकणारा, वरकरणी ओबडधोबड असा गडी. तारू खाणीत होता, मग पोलिसात गेला आणि पुढे पुन्हा खाणीत आला. म्हणजे या व्याख्येत तो दोन्ही बाजूंनी बसत होता.

ट्रेहर्बर्ट हे रोंडा खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाचं गाव. तिथल्या क्लबकडून खेळताना १९०२ साली तारूची वेल्सच्या संघात निवड झाली. इंग्लंडविरुद्धचा तो सामना वेल्सनं ९-८ असा, एका गुणानं जिंकला. त्या हंगामात स्कॉटलंड आणि आयर्लंडलाही हरवून वेल्सनं 'ट्रिपल क्राउन' मिळवला. १९०५मध्ये पुन्हा तोच पराक्रम झाला. त्या वर्षी इंग्लंडचा तर २५-० असा फडशा पाडला. दोन्ही हंगामांतल्या संघात तारू होता. १९०२ ते १९०६ या काळात तो वेल्सकडून एकूण १३ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. आजच्या हिशेबात हा आकडा किरकोळ वाटेल. पण तेव्हा वर्षाकाठी सामनेच तीन व्हायचे, हे विसरू नये.

तो शनिवार

१९०५च्या सप्टेंबरात न्यूझीलंडचा संघ विलायतेत आला. पहिल्याच सामन्यात त्यांनी डेव्हन परगण्याचा ५५-४ असा धुव्वा उडवला. लोकांना आधी वाटलं, तारेत आकडे उलटसुलट झाले असतील. पुढे जो समोर येईल तो आडवा होत गेला. इंग्लंडवर १५-० असा विजय मिळाला. कार्डिफला येईपर्यंत सत्तावीस सामने आणि सत्तावीस विजय! इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, तिघंही हरून बसले होते. उरला होता एकटा वेल्स.

कार्डिफ आर्म्स पार्कवर त्या दिवशी सुमारे ४७ हजार माणसं जमली होती. खोऱ्याखोऱ्यांतून खास गाड्या सोडल्या होत्या. पाहुण्यांनी आपला 'हाका' हा युद्धनाच केला. त्याला उत्तर म्हणून वेल्सच्या टेडी मॉर्गननं राष्ट्रगीत सुरू केलं, बाकीच्या खेळाडूंनी सूर धरला आणि बघता बघता सारं मैदान गाऊ लागलं. खेळाच्या सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणायची प्रथा इथूनच पडली, असं सांगतात.

त्या संघाकडे जरा निरखून पाहण्यासारखं आहे. मॉर्गन वैद्यकीचं शिक्षण घेतलेला. कप्तान ग्विन निकल्स आणि त्याचा सहकारी बर्ट विनफील्ड यांचा कार्डिफमध्ये लाँड्रीचा धंदा. विली लेवेलिन औषधविक्रेता. पुढच्या फळीतल्या चार्ली प्रिचर्डच्या घरी मद्याचा व्यापार. आणि त्याच फळीत त्याच्या खांद्याला खांदा लावून जॉर्ज ट्रॅव्हर्स, जो न्यूपोर्टच्या गोदीत बोटींवर कोळसा सारखा करण्याचं काम करी, आणि आपला तारू. एरवी ही माणसं एका टेबलावर चहाला बसली असती की नाही, शंकाच आहे. स्क्रममध्ये मात्र एकाचा घाम दुसऱ्याच्या मानेवर.

न्यूझीलंडची स्क्रमची पद्धत आगळी होती. पुढे दोघंच, मागे तीन, त्यामागे दोन. कप्तान डेव्ह गॅलहर स्क्रममध्ये न शिरता बाजूला राहायचा, चेंडू आत टाकायचा आणि समोरच्याला अडवायचा. या चक्रव्यूहापुढे सारे गोंधळले होते. वेल्सनं डोकं चालवलं. आपलाही एक फॉरवर्ड कमी करून क्लिफ प्रिचर्डला मोकळा सोडला. उरलेल्या सात जणांनी ठरवलं, घाईनं खाली वाकायचं नाही. पाहुण्यांची पुढची जोडी वाकेपर्यंत थांबायचं आणि मग दोन्ही अंगांनी त्यांच्या बाहेरून घुसायचं, म्हणजे चेंडूच्या जवळची बाजू आपली. शिवाय स्कॉटिश पंच जॉन डॅलस यांनी गॅलहरच्या कारवायांवर वारंवार शिट्टी वाजवली. पूर्वार्धात चेंडू वेल्सच्या बाजूनं येऊ लागला तो या सात जणांमुळे.

असाच चेंडू आला आणि डिकी ओवेननं तो उजवीकडे देत असल्याची हूल दाखवली. पर्सी बुश तिकडे पळाला, त्याच्यामागे न्यूझीलंडचे राखणदारही पळाले. ओवेननं चेंडू टाकला डावीकडे, क्लिफ प्रिचर्डकडे. त्याच्याकडून तो ऱ्हीस गेबकडे आणि गेबकडून टेडी मॉर्गनकडे. मॉर्गन कोपऱ्यात पोचला आणि ट्राय झाली. ३-०. हाच शेवटचा आकडा ठरला.

उत्तरार्धात न्यूझीलंडच्या बॉब डीन्सनं रेषेवर झेप घेतली. त्यानं चेंडू रेषेपलीकडे टेकवला की अलीकडे, यावर शंभराहून अधिक वर्षं वाद चालू आहे आणि दोन्ही देशांत तो अजून मिटलेला नाही. पंचांनी ट्राय नाकारली, एवढं खरं. त्या संपूर्ण दौऱ्यातल्या पस्तीस सामन्यांमधला न्यूझीलंडचा हा एकमेव पराभव.

दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत मॉर्गनची धाव होती, ओवेनची हूल होती. फॉरवर्डच्या वाट्याला सहसा एखादं वाक्य येतं. तारूला त्याची सवय असावी.

खाडा भरून कोण देणार?

आता पैशांकडे वळू. रग्बी हा खेळ इंग्लंडच्या श्रीमंती शाळांमधून आलेला. खेळ हौसेसाठी खेळावा, त्याबद्दल दमडीही घेऊ नये, हा तिथला दंडक. ज्याच्या घरी भरपूर आहे त्याला हे तत्त्व परवडतं. पण शनिवारी अर्धी पाळी बुडवून, रेल्वेनं दूरच्या गावी जाऊन खेळायचं आणि त्या दिवसाचा रोज बुडवायचा, हे खाणीतल्या माणसाला कसं झेपावं? त्यातून खांदा निखळला तर पुढचे दोन आठवडेही खाडाच.

उत्तर इंग्लंडमधल्या गिरणी आणि खाणगावांतल्या क्लबांनी एवढंच मागितलं होतं, की खेळाडूचा बुडालेला रोज भरून द्यायची परवानगी द्या. ती नाकारली गेली. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन या क्लबांनी आपली वेगळी चूल मांडली. तिचं नाव 'नॉर्दर्न युनियन'. सुरुवातीला तिनं खाड्यापोटी दिवसाला सहा शिलिंगांची मर्यादा घातली, नंतर उघड मोबदला मान्य केला. १९०६मध्ये संघात पंधराऐवजी तेरा खेळाडू केले. आज जिला 'रग्बी लीग' म्हणतात ती हीच. जुन्या 'युनियन'वाल्यांनी तिच्यावर बहिष्कार घातला. तिकडे एक सामना खेळलात, की इकडचे दरवाजे जन्मभरासाठी बंद.

वेल्समध्ये मात्र सगळाच मामला जरा झाकपाक करून चालायचा. सामना संपल्यावर बुटात नाणी सापडायची, प्रवासखर्च जरा सढळ हातानं लिहिला जायचा. सगळ्यांना ठाऊक, आणि कुणीच काही पाहिलेलं नाही!

याचं सर्वांत मोठं उदाहरण आर्थर गोल्डचं. हा न्यूपोर्टचा देखणा, लोकांचा लाडका कप्तान. १८९६मध्ये त्याच्यासाठी वर्गणी निघाली आणि जमलेल्या पैशांतून त्याला चक्क घर द्यायचं ठरलं. इतर देशांनी ही धंदेवाईक वृत्ती आहे म्हणून आक्षेप घेतला. तेव्हा वेल्सच्या युनियननं आपल्या लाडक्याच्या पाठीशी उभं राहत आंतरराष्ट्रीय मंडळालाच रामराम ठोकला. १८९७च्या ईस्टरला कार्डिफमध्ये मोठी मेजवानी झाली आणि घराची कागदपत्रं गोल्डच्या हातात पडली. वर्षभरात तडजोड होऊन वेल्स पुन्हा मंडळात दाखल झाला. गोल्डला कुणी हद्दपार केलं नाही.

तारूसाठी असं कुणी उभं राहिलं नाही. तो एव्हाना ट्रेहर्बर्ट सोडून शेजारच्या खोऱ्यातल्या ॲबरडेर क्लबकडून खेळत होता. १९०७ साली ॲबरडेरच्या पैशांच्या व्यवहारावरून बोभाटा झाला. युनियननं चौकशी बसवली. खेळाडूंना पैसे दिले जातात, एवढाच आरोप नव्हता. एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना हरण्यासाठी पैसे चारले, इथपर्यंत तो गेला. शेवटी ज्यांच्यावर कायमची बंदी आली त्यांत तारूचं नाव होतं. तेरा आंतरराष्ट्रीय सामने, दोन ट्रिपल क्राउन आणि न्यूझीलंडवरचा विजय यांपैकी काहीही आड आलं नाही. चौकशी सर्वस्वी अन्यायाची होती, असं मी म्हणणार नाही. हरण्यासाठी पैसे देणं हे कुठल्याही खेळात वाईटच. पण जी गोष्ट वेल्सच्या अनेक क्लबांत डोळे मिटून चालू होती, तिच्यासाठी खोऱ्यातला एक क्लब आणि तिथले कामकरी खेळाडू तेवढे सापडावेत, हे खटकतंच.

त्याच वर्षी मर्थर टिडफिल आणि एब व्हेल या दोन वेल्श गावांत नॉर्दर्न युनियनचे क्लब निघाले. मर्थर म्हणजे ॲबरडेरच्या डोंगरापलीकडचं गाव. तारू मर्थरला गेला. आता तो राजरोस पैसे घेऊन खेळणार होता.

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात न्यूझीलंडचा दुसरा संघ विलायतेत उतरला. १९०५च्या दौऱ्यात तिकिटांचे ढीगभर पैसे जमले होते, पण खेळाडूंच्या हाती पडले होते रोजचे तीन शिलिंग. वेलिंग्टनच्या टपाल खात्यात कारकून असलेल्या आल्बर्ट बास्करव्हिल या तरुणानं हे गणित मांडलं आणि स्वतःच संघ जमवून नॉर्दर्न युनियनच्या क्लबांशी खेळायला आणला. वृत्तपत्रांनी 'ऑल ब्लॅक्स'च्या चालीवर त्याला 'ऑल गोल्ड्स' असं कुत्सित नाव दिलं. त्यात १९०५च्या दौऱ्यातलेही काही खेळाडू होते. बास्करव्हिल बिचारा परतीच्या वाटेवर, १९०८च्या मे महिन्यात, ब्रिस्बेनला न्यूमोनियानं गेला. वय पंचवीस.

या संघाची वेल्सशी गाठ पडली ती १९०८च्या नववर्षदिनी, आणि तीही ॲबरडेरमध्येच! म्हणजे ज्या गावाच्या क्लबवरून तारूवर बंदी आली, त्याच गावात तो पुन्हा वेल्ससाठी उतरला. तेरा खेळाडूंच्या रग्बीतला हा जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना. हजारोंनी गर्दी लोटली. वेल्स जिंकला ९-८. आठवतं? १९०२मध्ये तारूच्या पहिल्या सामन्यातला आकडाही हाच होता. या वेळी विजयाची ट्राय पाठीमागच्या कुणा चपळ धावपटूनं केली नाही. ती केली तारूनं. रग्बीच्या दोन्ही प्रकारांत न्यूझीलंडला हरवणारा तो पहिला माणूस ठरला.

नंतरची वर्षं

पण नव्या खेळानं वेल्समध्ये मूळ धरलं नाही. ॲबरडेर, बॅरी, मिड-रोंडा, एवढंच काय, तारूच्या जुन्या ट्रेहर्बर्टमध्येही १९०८ साली असे क्लब निघाले, पण एक-दोन हंगामांत गुंडाळले गेले. १९११मध्ये मर्थरनंही दुकान बंद केलं. तारू कोळशाकडे परतला.

त्याच्या १९०५च्या सोबत्यांच्या वाटा वेगवेगळ्या झाल्या. मॉर्गन डॉक्टर म्हणून जगला. विली लेवेलिनचं औषधाचं दुकान टोनीपँडीत होतं. नोव्हेंबर १९१०मध्ये खाणकामगारांच्या संपात तिथे दंगल उसळली आणि मुख्य रस्त्यावरची दुकानं फुटली. लेवेलिनच्या दुकानाला मात्र लोकांनी हात लावला नाही, कारण तो वेल्सकडून खेळला होता. चार्ली प्रिचर्ड सैन्यात कॅप्टन झाला आणि ऑगस्ट १९१६मध्ये फ्रान्समध्ये एका रात्रीच्या छाप्यात जखमी होऊन वारला.

तारूही पहिल्या महायुद्धात गेला. १९१५मध्ये उभारलेल्या 'वेल्श गार्ड्स' पलटणीत तो शिपाई होता. ज्या देशाच्या खेळसंस्थेनं त्याला कायमचं बाहेर काढलं, त्याच्यासाठी लढताना तो जखमी झाला, जगला आणि घरी आला. १९३३ साली तो वारला, तेव्हा पन्नाशी नुकतीच उलटली होती.

युनियन रग्बीनं खेळाडूंना पैसे देण्यावरची बंदी उठवली ती ऑगस्ट १९९५मध्ये. जॉर्ज हॉटेलातल्या त्या बैठकीला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती, आणि तारूला जाऊन बासष्ट.